मार्लिसचा गायनवृंद

ऑर्विल स्टेनर्सनचा फोन आला तेव्हा ब्रिटा टूथब्रशने समुद्र घासत होती.

समुद्र तसा लहानच. टोस्टर आणि पावाचा डबा यांच्या मधोमध, ओट्यावर मावेल एवढ्या काचेच्या टाकीतला. खिडकीबाहेर टेकडीच्या पायथ्याशी अफाट सरोवर पसरलं होतं, पण ते पडलं गोड्या पाण्याचं. अमेरिकेतल्या डुलुथपासून खरा समुद्र इतका लांब, की ब्रिटा बादलीत मीठ कालवून आपला आपण समुद्र बनवायची. त्यात चार खडक, एक केशरी मासा, दोन गोगलगायी आणि कोपऱ्यातल्या खडकावर मार्लिसचा गायनवृंद.

गायनवृंद म्हणजे प्रवाळ. सदऱ्याच्या बटणाएवढ्या हिरव्या चकत्या, कडेने केशरी झालर आणि प्रत्येकीच्या मधोमध एक इवलंसं तोंड. सकाळी दिवा लागला की सगळी तोंडं एकदम उघडायची. ऑर्विलची बायको मार्लिस चर्चमध्ये गायची, तिनेच हे नाव ठेवलेलं. मार्लिस जाऊन दोन हिवाळे झाले होते.

"ब्रिटा, मी ऑर्विल. कामात तर नाहीस ना?"

"छे, बसलेच होते," ब्रिटा म्हणाली आणि कोपरापर्यंत ओला हात टाकीतून बाहेर काढला.

"वारा काय सुटलाय."

"सुटलाय खरा."

मग ऑर्विल वाऱ्याबद्दल बोलला. मोटारीला हिवाळी टायर बसवून घेतल्याचं बोलला. पोरगी कशी आहे विचारलं. दीड वर्षाची हॅटी तेव्हा जमिनीवर बसून पातेल्याच्या झाकणाशी गप्पा मारत होती, तेही ब्रिटाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, ठेवतो मग." आणि ठेवता ठेवता म्हणाला, "अं, ती माझी टाकी गेली."

"गेली म्हणजे?"

"संपली. परवाच्या वाऱ्यात वीज गेली ना."

ब्रिटाने टूथब्रश खाली ठेवला. "आणि तुमच्याकडचा गायनवृंद?"

"तोही," ऑर्विल म्हणाला. "तर म्हटलं, तुला अडचण नसेल तर रविवारी चर्चनंतर येऊन बघून जाईन. तुझ्याकडच्या गायनवृंदातले एखाद-दोन सुटे काढता आले तर. नाही सुटले तरी काही नाही."

त्या भागातला माणूस 'नाही तर नाही' म्हणाला, की समजावं त्याला दोन रात्री झोप नाही.

"या ना. अवश्य या," ब्रिटा म्हणाली. फोन ठेवला आणि टाकीत पाहिलं.

गायनवृंदाने तोंडं मिटली होती. आजच नव्हे, गेल्या आठवड्यापासून. एकेक चकती आक्रसून वाळल्या वाटाण्याएवढी झालेली. हिरवा रंग ओसरून पांढुरकी कळा आलेली. आणि खडकांवर कुठूनसा तपकिरी, चिकट शेंबूड येऊन बसला होता, त्यात बुडबुडे. तोच ती घासत होती.

आता जगात मार्लिसचं जे काही जिवंत उरलं होतं, ते एवढंच होतं. टोस्टरशेजारी.

* * *

प्रवाळ पाळणाऱ्यांच्या त्या गावातल्या मंडळात एक रिवाज होता. आपल्या प्रवाळाचा तुकडा मागेल त्याला द्यायचा. उद्या आपली टाकी दगावली तर ज्याला दिला त्याच्याकडून पुन्हा आणायचा. आणि घेणाऱ्याने आभार म्हणून मानायचे नाहीत. आभार मानले की कलम जगत नाही. हे त्यांच्या आज्या जिरेनियमच्या काड्या देताना सांगायच्या. नातवंडांनी जिरेनियम सोडून प्रवाळ धरले, पण नियम तोच.

ब्रिटाला मात्र हा नियम जड जायचा. हॅटी झाल्यानंतरचा तिचा पहिला हिवाळा फार लांबला होता. डेल, तिचा नवरा, नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा; बर्फ पडला की तो घराबाहेर, आणि बर्फ तर रोजच. घरात ती, अंगाला चिकटलेलं बाळ आणि पांढरी खिडकी. तेव्हाच एके दिवशी ऑर्विल ही छोटी टाकी आणि खडकाच्या टवक्यावरची सात तोंडं घेऊन दारात उभा राहिला. "घरात नुसतीच पडून होती," म्हणाला. मग रोज सकाळी दिवा लागायचा, सात तोंडं उघडायची, आणि कुणीतरी आपल्यासाठी उठलंय असं ब्रिटाला वाटायचं. अशा माणसाचे आभार मानायचे नाहीत म्हणजे काय? 'आभा—' एवढं तोंडातून निघालं, तोच ऑर्विलने बोट वर केलं होतं. उरलेला शब्द तिने गिळला. पण तो पचला काही नाही.

म्हणून तिने दुसरी वाट काढली. ती टाकी अशी सांभाळायची ठरवली, की बघणाऱ्याने बघत राहावं.

ब्रिटा दातांच्या दवाखान्यात कामाला. लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिथे म्हणून काही साचतं, तिथे तिचा हात आपोआप जायचा. नव्या टाकीत माशाच्या घाणीतून नायट्रेट आणि फॉस्फेट साचतं, ते काबूत ठेवायचं असतं, एवढं तिने कुठेतरी वाचलं आणि कंबर कसली. माशाला रोज एक दाणा. त्याने अर्धा टाकला तर उरलेला नळीने ओढून बाहेर. आठवड्याला पाणी बदल, मग दोनदा बदल. शिवाय फॉस्फेट पिऊन टाकणारे गंजाच्या रंगाचे दाणे मिळतात, त्यांची पुरचुंडी गाळणीत. रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झालं तर नायट्रेट आहे, नाही झालं तर शून्य. ब्रिटाची नळी महिनोन्‌महिने दवासारखी. दुसरे लोक पोरांचे फोटो दाखवतात, तसा तिने त्या नळीचा फोटो चर्चच्या तळघरातल्या मंडळाच्या जेवणात सगळ्यांना दाखवला.

"हं," मंडळी भट्टीत भाजलेल्या हॉटडिशचा घास मधेच थांबवून म्हणाली. "फारच स्वच्छ आहे."

ब्रिटाला ही शाबासकी वाटली. ती मूळची शिकागोची. लग्न करून इथे आली होती, इथलं आडवळणाचं बोलणं तिला अजून पुरतं उमगत नव्हतं.

* * *

ऑर्विलच्या फोननंतर तिने पुरचुंडीतले दाणे दुप्पट केले, निम्मं पाणी बदललं, शेंबूड घासून काढला. दुसऱ्या दिवशी शेंबूड दुप्पट. सातांतली दोन तोंडं तर विरघळूनच गेली. तेव्हा मात्र ती हॅटीला कडेवर घेऊन गॉर्डीच्या पाळीव माशांच्या दुकानात गेली.

गॉर्डीने फोटो पाहिला. मग छताकडे पाहिलं. मग हॅटीला म्हणाला, "काय गं ठमे, थंडी वाजते?"

"गॉर्डी, काय चुकतंय माझं?"

"चुकतंय असं मी कुठे म्हणालो? किती खायला घालतेस?"

"एक दाणा."

"माशाला."

"माशालाच. उरलं तर काढते."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे कोण?"

गॉर्डीने काउंटरवरचा न दिसणारा डाग पुसला. "काही लोक, म्हणजे तुलाच सांगतोय असं नाही, काही लोक आपले पाण्यात थोडं ठेवतात."

"काय ठेवतात?"

"घाण."

ब्रिटाने हॅटीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "माझं शून्य आहे, गॉर्डी. दोन्ही. नायट्रेट पण, फॉस्फेट पण."

"तेच तर. अगं, तू पंगत बसवतेस, ताट वाढतेस आणि कुणी घास घ्यायच्या आत ताट उचलून धुऊन ठेवतेस. त्या बिचाऱ्यांनी खायचं कधी? माशाची घाण हेच त्यांचं जेवण. ते सगळं तुझे दाणे पितात, राहिलेलं तू ओढतेस."

"मग तो शेंबूड कसला?"

"बाकीचे उपाशी पडले की तो माजतो. घर रिकामं दिसलं, घुसला. तू जितकी घासशील तितकं त्याचं फावतं."

एवढं सरळ बोलल्याबद्दल गॉर्डी स्वतःच ओशाळला आणि त्याने हॅटीला एक रबरी खेकडा दिला.

ब्रिटाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण ज्याला सेवा समजत होतो, ती उपासमार होती. सात तोंडं रोज सकाळी उघडत होती, ती गाण्यासाठी नव्हे. भूक लागली म्हणून.

"काय करू आता? रविवारी ऑर्विल येताहेत."

"दाणे काढ. ब्रश लपव. माशाला पोटभर घाल. आणि चांगल्या मुरलेल्या, घाणेरड्या टाकीतलं पाणी आणून रोज थोडं थोडं घाल. एकदम नको हं. उपाशी माणसाला आधी पेज देतात, तसं. माझ्याकडचं दिलं असतं, पण मी माशांच्या औषधाला तांबं घालतो, प्रवाळ जागच्या जागी मरतील. ओळखीत आहे का कुणाची घाणेरडी टाकी?"

"माझ्या ओळखीत?" ब्रिटा फणकाऱ्याने म्हणाली. आणि गप्प झाली. होती. तिच्या ओळखीत एक फारच घाणेरडी टाकी होती.

* * *

ब्रिटा कामाला होती त्या डॉक्टर फेन्स्केंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची एक जुनी टाकी होती. आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण काच वाटाण्याच्या सूपसारखी हिरवी झाली होती. मधूनच एखादा मासा काचेला नाक लावून दिसायचा आणि पुन्हा धुक्यात जायचा. काउंटरवर बसणारी डार्ला ही टाकीची मालकीण. कुणी पोर भ्यायलं की डार्ला त्याच्या हातावर चिमूटभर खाणं ठेवायची, "घाल माशांना." कुणी मोठं माणूस भ्यायलं तरी तेच. दातांच्या दवाखान्यात न भिणारं कोण असतं? मासे दिवसभर जेवत होते.

नोकरीला लागल्यापासून ब्रिटा त्या काचेच्या मागे लागली होती. "डार्ला, एकदाच घासू दे." आणि डार्ला चष्म्यावरून बघून म्हणायची, "माझ्या टाकीला हात लावायचा नाही. मी लावते का तुझ्या पेशंटच्या दातांना?"

त्या दुपारी ब्रिटा रिकामी बादली घेऊन काउंटरसमोर उभी राहिली.

"डार्ला, मला थोडं पाणी हवंय. तुझ्या टाकीतलं."

डार्लाने पेन खाली ठेवलं. "कसलं पाणी?"

"घाण."

"पुन्हा म्हण."

"मुरलेलं," ब्रिटा म्हणाली.

डार्लाने खुर्ची फिरवली, हातांची घडी घातली आणि तो क्षण चवीचवीने खाल्ला. मग म्हणाली, "घे. पण काचेला हात लागता कामा नये."

चहाच्या रंगाचं, ओहोटीच्या वासाचं ते पाणी ब्रिटाने घरी आणलं, स्वयंपाकघरात खाली ठेवलं आणि हॅटीचे कपडे बदलायला आत गेली. तेवढ्यात डेल कामावरून आला.

डेल स्वभावाने गबाळा. पण तीन वर्षं ब्रिटाच्या हाताखाली काढली होती. सोमवारीच बुटांच्या चिखलावरून त्याने ऐकून घेतलं होतं. ब्रिटाच्या स्वयंपाकघरात घाण पाण्याची बादली? ही आपली परीक्षा आहे, हे त्याने दारातच ओळखलं. बादली ओतली, साबणाने घासली, विसळली, पालथी घातली. वर फरशी पुसली.

"बघ," तो ब्रिटाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद होता.

ब्रिटाने पालथ्या बादलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तिने इतक्या वर्षांत जे घडवलं होतं, ते आज पूर्ण झालं होतं.

"मी तुला काही म्हणाले होते का?"

"नाही. म्हणूनच तर केलं."

तिला रडावं की हसावं कळेना, तेव्हा तिने त्याला जवळ घेतलं. डेलला वाटलं आपण पास झालो.

दुसऱ्या दिवशी तिने बादलीला झाकण लावलं, त्यावर पट्टी चिकटवून लिहिलं, 'घाण आहे. फेकू नये.' पण टेकडीवरून उतरताना पुढे हरीण आडवं आलं, ब्रेक लागला, बादली मागच्या सीटखाली आडवी झाली आणि झाकणाने काही शब्द पाळला नाही. हॅटीने पायाखालचा समुद्र पाहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या गाडीत जो बसला, त्याने आधी खिडकी उघडली.

तिसऱ्या दिवशी डार्लानेच काउंटरखालून दवाखान्याचा कॉफीचा थर्मास काढून दिला. "यात ने. तुझ्या हातून दुसरं काही पोचायचं नाही. आणि थर्मास आता परत आणू नकोस बाई."

ही घाण मात्र घरी सुखरूप आली. ब्रिटाने दाण्यांची पुरचुंडी उपसून काढली. माशाला चिमूटभर खाणं घातलं. तो आधी बावरला, मग बकाबका खाऊ लागला. वाटीभर मुरलेलं पाणी हलकेच ओतलं. इथपर्यंत सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं: काही न करणं. शेंबूड दिसायचा आणि तिचा हात आपोआप ब्रशकडे जायचा. शेवटी तिने ब्रश डेलच्या हवाली केला. "कुठे ठेवलास ते मला सांगू नकोस. मी रडले तरी."

"हात खिशात घाल," डेल म्हणाला. "तू बुटांवरून बोलतेस तेव्हा मी तसंच गप्प बसायला शिकलो."

शनिवारी तिने नळीत थेंब टाकले. पाणी दवासारखं. शून्य. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या शून्याचा राग आला. गायनवृंदाची उरलेली पाच तोंडं मिटलेलीच होती.

* * *

रविवारी ऑर्विल आला. चर्चचा कोट, हातात स्वतः भाजलेल्या रूबार्बच्या वड्यांचा ट्रे. त्याने दारात बूट काढले, हॅटीशी हस्तांदोलन केलं, कॉफीला दोनदा नाही म्हणाला आणि तिसऱ्यांदा घेतली. वाऱ्याबद्दल बोलून झालं. टाकीकडे मात्र तो एकदाही बघेना. पाहुण्याने घरात शिरताच आपल्या कामाच्या वस्तूकडे बघणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

शेवटी ब्रिटाच म्हणाली, "बघा ना."

ऑर्विल उठला. चष्मा वर केला, वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "फारच स्वच्छ आहे."

या वेळी ब्रिटाला कळलं.

"मी मारलं त्यांना, ऑर्विल. उपाशी मारलं," ती म्हणाली आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. नळीतलं शून्य, पुरचुंडी, एक दाणा, टूथब्रश, आता आणलेलं घाण पाणी, सगळं ओकून झालं. "तुमचं एवढं एकच काम होतं माझ्याकडे. मार्लिसचं जपून ठेवायचं. आणि मी ते घासून टाकलं."

ऑर्विल खाली बसला. त्याने वडीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"वीज गेली नव्हती," तो म्हणाला.

"अं?"

"माझ्याकडे. वारा होता, पण वीज होती."

"मग टाकी?"

ऑर्विलचे कान लाल झाले. "उन्हाळ्यात तू मला तो डबा आणून दिला होतास. दाण्यांचा. निळी फीत बांधलेला."

ब्रिटाला तो डबा आठवला. तोंडातला अर्धा 'आभार' पचेना, म्हणून तिनेच तो डबा नेऊन दिला होता. सोबत दवाखान्यातले मऊ टूथब्रश. आभार थोडेच म्हणायचे त्याला, नुसती भेट. 'कशाला उगीच,' ऑर्विल म्हणाला होता, आणि तिने तो शिष्टाचार मानला होता.

"तुम्ही वापरलेत ते?"

"एवढ्या मायेने आणलेलं. न वापरून कसं चालेल?"

"किती?"

"डबाभर." तो थोडा थांबला. "आधी जरा काचकूच केली. पण तू मंडळाच्या जेवणात विचारलंस, कसे आहेत दाणे. मग घरी गेलो आणि राहिलेले घातले. ब्रश चांगले होते तुझे."

इतका वेळ ऐकत बसलेल्या डेलने एक वडी उचलली.

"म्हणजे तिने आभार मानले," डेल सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत. त्यात दोन समुद्र गेले." मग ब्रिटाचा चेहरा बघून त्याने वडी तोंडात कोंबली.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"तुला वाईट वाटलं असतं," ऑर्विल म्हणाला. "वाऱ्याला काही वाटत नाही."

ब्रिटाने डोळे पुसले. ज्याचं सगळं गेलं तो माणूस आठवडाभर आपल्यासाठी वाऱ्याला दोष देत फिरत होता. हे कसं फेडायचं, तिला कळेना. आता तर काही भेटही देता येत नव्हती.

"जाऊ दे," ऑर्विल म्हणाला. "पाच आहेत ना. खायला घाल. जगतीलही. घाण पाणी कुठून आणतेस म्हणालीस?"

"दवाखान्यातून. डॉक्टर फेन्स्केंच्या."

ऑर्विलचा कप बशीपाशी जाता जाता थांबला. "डार्लाची टाकी? अजून आहे ती?"

"आहे. दिसत नाही आतलं काही, पण आहे."

"मार्लिसची अक्कलदाढ तिथेच काढली. फार घाबरायची ती. डार्लाने तिचा हात धरला होता म्हणे." तो टाकीकडे बघत म्हणाला, "मार्लिस कुणाकडून काही घेऊन तशीच यायची नाही. दुसऱ्या खेपेला पर्समध्ये बरणी घेऊन गेली होती, एवढं आठवतं. बरणीत काय होतं ते मी विचारलं नाही."

"डार्ला कधी बोलली नाही."

"बोलेल कशी? कलमाबद्दल तोंड उघडायचं नसतं."

ब्रिटाने फोन उचलला.

* * *

डार्ला चर्चच्या कपड्यांतच किल्ली घेऊन आली. डेलच्या ट्रकमधून बाकीचे. ब्रिटाच्या गाडीत बसायला कुणी राजी झालं नाही. डार्ला टाकीच्या पुढ्यात उभी राहिली, पाय रोवून.

"घासायचं नाही."

"एवढंच," ब्रिटा म्हणाली आणि तळहात दाखवला. "एका हाताएवढं. मग आयुष्यात परत विचारणार नाही."

"लिहून देशील?"

"देते."

डार्लाने ऑर्विलकडे पाहिलं. तो टोपी हातात धरून उभा होता. ती बाजूला झाली. "एका हाताएवढं."

डेलने कोटाच्या आतल्या खिशातून ब्रश काढून दिला. तो तिथे लपवला होता तर. ब्रिटाने काचेच्या आतून, गोल गोल, पेशंटच्या पुढच्या दातांना लावतात तसा हलका हात फिरवला. हिरवा पडदा सुटला. तळहाताएवढी खिडकी झाली.

आत मागची सबंध भिंत गात होती.

एक इंच जागा रिकामी नव्हती. खडकांवर, पंपाच्या नळीवर, प्लॅस्टिकच्या किल्ल्याच्या बुरुजांवर, जिथे बघावं तिथे हिरव्या चकत्या आणि केशरी झालरी, ब्रिटाच्या चकत्यांपेक्षा दुप्पट मोठ्या, गुबगुबीत. शेकड्यांनी तोंडं, सगळी उघडी. वर्षानुवर्षं घाबरलेल्या लोकांनी चिमूट चिमूट घालून पोसलेली.

ऑर्विल वाकला. त्याचं नाक काचेला टेकलं. हॅटीने डेलच्या खांद्यावरून बघितलं आणि स्वतःही 'आ' केला.

"तुला माहीत होतं आत काय आहे?" ब्रिटाने हळूच विचारलं.

"मला काय माहीत?" डार्ला म्हणाली. "त्या बाईने एक खडा दिला. म्हणाली, खायला घाल, त्याच्या फार मागे लागू नकोस, आणि मला काही म्हणायचं नाही. तिन्ही केलं. मला दुसरं येतं काय?"

ऑर्विल सरळ झाला. खिशातून रुमाल काढून त्याने आधी काचेवरचा आपल्या नाकाचा डाग पुसला, मग चष्मा, मग बराच वेळ डोळे. टोपी डोक्यावर ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "हे काही अगदीच वाईट नाही."

त्या गावात याहून मोठ्याने कुणी रडत नाही.

ब्रिटाचं मन इतकं भरून आलं होतं, की तिने डार्लाचे दोन्ही हात धरले आणि तोंड उघडलं. ऑर्विलने बोट वर केलं. तिने तोंड मिटलं.

"आणि टाकी साफ करून देते असंही म्हणू नकोस," डार्ला म्हणाली.

* * *

डिसेंबरातली गोष्ट. ऑर्विलच्या टाकीत किल्ल्याचा एक बुरूज जाऊन बसला होता, गायनवृंदासकट. ब्रिटाच्या ओट्यावर मात्र ती जुनीच पाच तोंडं. नवा तुकडा डार्लाने देऊ केला होता, पण ब्रिटा म्हणाली, आधी हे.

सकाळी टाकीचा दिवा लागला. ब्रिटा हॅटीला खुर्चीत बसवून ओटची लापशी भरवत होती. चमचा जवळ आला की हॅटी तोंड उघडायची. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला ब्रिटाचं लक्ष टाकीकडे गेलं आणि चमचा हवेतच राहिला. कोपऱ्यातल्या खडकावर एक केशरी झालर उलगडत होती. तिच्याशेजारी दुसरी. हॅटीने चमच्याची वाट बघून खुर्चीवर हात आपटला.

"हो गं बाई, सगळ्यांनाच घालते," ब्रिटा म्हणाली.

तिने सगळ्यांना घातलं. मग नळीत थेंब टाकले, हलवलं आणि खिडकीशी धरलं. बर्फाच्या उजेडात पाणी हळूहळू रंगलं. फार नाही, झोपून उठलेल्या हॅटीच्या गालाएवढं गुलाबी.

काचेवर शेवाळाची एक कोवळी हिरवी झाक आली होती. ब्रिटाचा हात तिकडे गेला, आणि माघारी आला. तिने त्या गुलाबी नळीचा फोटो काढून ऑर्विलला पाठवला. खाली लिहिलं, 'आभा', आणि खोडलं. थोडा विचार करून पुन्हा लिहिलं:

'आज वारा पडलाय.'

ऑर्विल एका बोटाने टाइप करायचा. हॅटीची वाटी संपली, तोंड पुसून झालं, दारात डेल चिखलाच्या बुटांसकट आत येऊन घाबरून थांबला आणि ब्रिटाने 'असू दे' म्हटलं, तेवढ्यात उत्तर आलं.

'हो. बराच.'